अथेन्सची नाट्यस्पर्धा आणि तिचे परीक्षक

नाट्यस्पर्धेचा निकाल लागला की नाटकवेड्या गावात दोन दिवस दुसरा विषय निघत नाही. आपल्याकडे १९५४ साली राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी हा अनुभव घेतला आहे. अंतिम फेरीला कोण जाणार याचे अंदाज आधी बांधायचे, ते चुकले की परीक्षकांची अक्कल काढायची, आणि अमक्याला मुद्दाम डावलले असे म्हणत घरी जायचे. वाचकहो, यात आपले असे खास काही नाही. ही तक्रार जवळजवळ नाटकाइतकीच जुनी आहे. ती जिथून सुरू झाली त्या अथेन्स शहरात, अडीच हजार वर्षांपूर्वी, आज मी तुम्हांला नेणार आहे.

अथेन्समध्ये डायोनिसस या देवाचा उत्सव वसंताच्या सुरुवातीला भरत असे. आपल्या जत्रेत तमाशाचे फड उतरतात, तशी तिथे नाटके होत. फरक एवढाच की तिथे नाटक म्हणजे स्पर्धाच. शोकांतिका लिहिणारे तीन कवी निवडले जात, आणि प्रत्येकाने एकाच दिवसात चार नाटके करून दाखवायची: तीन शोकांतिका आणि शेवटी एक थट्टेचे नाटक, ज्यात अर्धे माणूस अर्धे पशू असे सॅटिर लोक धिंगाणा घालीत. सुखांतिकांची स्पर्धा वेगळी. प्रेक्षक टेकडीच्या उतारावर उघड्या आभाळाखाली, सकाळपासून हजारोंनी बसलेले.

आता पहिला प्रश्न, हे तीन कवी निवडायचे कोणी? ते काम आर्कन नावाच्या अधिकाऱ्याचे. कवीने त्याच्याकडे जाऊन कोरस मागायचा. त्याने दिला तर तुम्ही स्पर्धेत, नाही दिला तर घरी. कोरसचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकाच्या गळ्यात घातला जाई. हा आर्कन चिठ्ठी टाकून वर्षभरासाठी नेमलेला असे, तेव्हा त्याला नाटकातले कळत असेलच असे नाही. एका आर्कनने तर साक्षात सोफोक्लीसला कोरस नाकारला आणि भलत्याच कवीला दिला. ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे ती क्रॅटिनस या विनोदी नाटककाराने आपल्या एका नाटकात त्यावर कोरडे ओढले म्हणून. म्हणजे पाहा, स्पर्धेत घेण्यावरूनच वाद, निकाल तर पुढेच राहिला.

निकालाची व्यवस्था मात्र अथेन्सच्या लोकांनी मोठ्या विचाराने, खरे सांगायचे तर मोठ्या संशयाने बांधली होती. शहराचे दहा गण होते. प्रत्येक गणातून काही नावे निवडून दहा घागरींत टाकायची. घागरींवर मोहोर लावायची. मोहोर सरकारी अंमलदारांची तर असेच, पण नाटकांचा खर्च करणाऱ्या धनिकांचीही असे, कारण उद्या त्यांनीच ओरड करायला नको! मग त्या घागरी अ‍ॅक्रोपोलिसवर, खजिनदारांच्या ताब्यात. तिथे जाऊन घागर फोडणाऱ्याला देहान्ताची शिक्षा. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक घागरीतून एक नाव काढीत आणि ते दहाजण शपथ घेऊन परीक्षक म्हणून बसत. शेवटी त्यांनी आपापली मते लिहून दिली तरी सगळी मोजली जात नसत. त्यांतली काहीच, बहुधा पाच, चिठ्ठीने काढून निकाल लावीत. म्हणजे लाच द्यायची तर कोणाला द्यायची तेच कळू नये. इतका बंदोबस्त करूनही वशिल्याचे आरोप थांबले नाहीतच. डेमॉस्थेनीस या प्रसिद्ध वक्त्याला इ. स. पूर्व ३४८ च्या उत्सवात, तो एका वृंदाचा खर्च करीत असताना, मीडियस नावाच्या बड्या असामीने भर रंगमंदिरात थोबाडीत मारली. पुढे डेमॉस्थेनीसने या प्रकरणावर जे भाषण लिहिले, त्यात मीडियसने परीक्षकांनाही फितवल्याचा आरोप आहे.

एकदा मात्र ही चिठ्ठ्यांची पद्धत बाजूला ठेवावी लागली, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. साल इ. स. पूर्व ४६८. एकीकडे मुरलेला एस्किलस, दुसरीकडे पहिल्यांदाच उतरलेला तरुण सोफोक्लीस. प्रेक्षकांत दोन तट पडले, हमरीतुमरी सुरू झाली. तेवढ्यात सेनापती किमोन आपल्या नऊ सहकाऱ्यांसह देवाला अर्घ्य द्यायला रंगमंदिरात आला. आर्कनने या दहाही सेनापतींना जाऊ दिले नाही. शपथ देऊन तिथेच परीक्षक म्हणून बसवले. सोफोक्लीस जिंकला. एस्किलस रागावून सिसिलीला निघून गेला, असे प्लुटार्क पुढे म्हणतो, पण ते काही मला पटत नाही. कारण पुढच्याच वर्षी अथेन्सच्या स्पर्धेत एस्किलसला पहिले बक्षीस मिळाल्याची नोंद आहे, आणि ४५८ साली त्याच्या ओरेस्तेसविषयीच्या नाटकांनीही ते पटकावले. रुसून गेलेला माणूस इतक्या लवकर परत येऊन जिंकत नसतो.

अंदाज कसे फसतात याची सर्वांत मजेदार हकिगत आहे ती सुखांतिकांच्या स्पर्धेतली. वर सांगितलेला क्रॅटिनस इ. स. पूर्व ४२४ च्या सुमारास म्हातारा झाला होता. पिण्याबद्दल त्याची ख्याती होती. त्या वर्षी अ‍ॅरिस्टोफेनीस या तरुण, हुशार आणि जिभेला हाड नसलेल्या नाटककाराने आपल्या नाटकात त्याची कीव केली. आव सहानुभूतीचा, पण सांगितले ते हेच: म्हातारा संपला, आता बडबडत फिरतो, त्याच्या जुन्या विजयांबद्दल त्याला फुकट दारू पाजावी आणि पहिल्या रांगेत देवाजवळ बसवून ठेवावे. त्या नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. म्हणजे अथेन्सला हा अंदाज पटला असेच कोणीही म्हणेल.

पुढच्या वर्षी, ४२३ च्या वसंतात, दोघे समोरासमोर उभे राहिले. अ‍ॅरिस्टोफेनीसने आणले होते ‘मेघ’, सॉक्रेटीसची टर उडवणारे नाटक. आणि म्हाताऱ्याने काय आणले? ‘दारूची सुरई’! त्यात त्याने स्वतःलाच पात्र केले होते. सुखांतिका ही त्याची लग्नाची बायको, आणि ती तक्रार करते की नवरा दारूच्या नादी लागून मला टाकून बसला आहे. लोक ज्यावरून आपल्याला हसत होते तेच त्याने नाटकात घातले आणि लोकांना पुन्हा हसवले. क्रॅटिनस पहिला आला. ‘मेघ’ तिसरे आले.

अ‍ॅरिस्टोफेनीसला हे फार लागले. त्याने ‘मेघ’ पुन्हा लिहायला घेतले, आणि आज आपल्या हातात आहे ते हे दुसरे लेखन. त्यात कोरसच्या तोंडून तो प्रेक्षकांना सरळ बोल लावतो: हे माझे सर्वांत चतुर नाटक होते, तुम्ही जाणते म्हणून तुमच्यापुढे आधी ठेवले, आणि हलक्या लोकांकडून मला हरावे लागले. निकालावरची हरलेल्या नाटककाराची इतकी सविस्तर तक्रार त्याच्याआधीची तरी आपल्यापर्यंत आलेली नाही. तिसरे आलेले हे नाटक लोक विसरले मात्र नाहीत. चोवीस वर्षांनी, इ. स. पूर्व ३९९ मध्ये, सॉक्रेटीसवर प्राणदंडाचा खटला चालला. प्लेटोने त्याचे जे भाषण लिहून ठेवले आहे, त्यात सॉक्रेटीस म्हणतो की माझ्याविषयीचे जुने ग्रह या सुखांतिकेतल्या चित्रासारखेच आहेत. परीक्षकांनी मागे टाकलेले नाटक न्यायासनापुढे येऊन उभे राहिले, ते असे.

आता शोकांतिकांकडे वळू. इथे परीक्षकांविरुद्धचा दावा फार भक्कम दिसतो. युरिपिडीसचे ‘मेडिया’ आज जगभर होते, इ. स. पूर्व ४३१ मध्ये ते ज्या चार नाटकांत होते ती तिसरी आली, म्हणजे शेवटची. दुसरा सोफोक्लीस. पहिला आला युफोरियन, एस्किलसचा मुलगा. ४१५ साली युरिपिडीसने ‘ट्रोजन स्त्रिया’ आणले. त्याच हिवाळ्यात अथेन्सने मेलोस बेट जिंकून तिथले पुरुष मारले होते आणि बायकामुले गुलाम म्हणून विकली होती. अशा शहरापुढे जिंकलेल्या नगरातल्या स्त्रियांचा आकांत उभा करणे याला छाती लागते. बक्षीस कोणाला? क्सेनोक्लीस नावाच्या कवीला. आणि कहर म्हणजे सोफोक्लीसचा ‘राजा ईडिपस’! अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात ज्याचा दाखला पुन्हा पुन्हा दिला, पु. ल. देशपांडे यांनी जे ‘राजा ओयदिपौस’ म्हणून मराठीत आणले, ते नाटक ज्या वर्षी झाले त्या वर्षी पहिला आला फिलोक्लीस. हा एस्किलसचा भाचा.

पाचसहाशे वर्षांनंतरच्या लेखकांना हे वाचून संताप येई. ईलियन नावाचा लेखक ४१५ च्या निकालाविषयी म्हणतो की परीक्षक एक तर मूर्ख असले पाहिजेत, नाही तर पैसे खाल्लेले. तुम्हीही कदाचित मनात तेच म्हणाला असाल.

पण थोडे थांबा. त्या दहाजणांची बाजू कोणी मांडतच नाही, म्हणून मी मांडतो. त्यांच्यापुढे ‘मेडिया’ हे एक नाटक नव्हतेच. चार नाटके होती, आणि निकाल चारांचा मिळून होता. ‘मेडिया’च्या सोबतची तिन्ही नाटके हरवली आहेत. ‘ट्रोजन स्त्रिया’च्या सोबतचीही पुरी उरलेली नाहीत. आपण चौथा हिस्सा वाचून पूर्ण उत्तरपत्रिकेचे गुण द्यायला बसलो आहो. त्यातही आपण वाचतो, त्यांनी पाहिले आणि ऐकले. कोरसचे गाणे, नाच, मुखवटे, नटांचे आवाज यांतले आपल्याकडे काय आहे? शब्द तेवढे. एखाद्या कंजूष धनिकाने कोरसला धड पोशाख दिले नसतील, एखाद्याने नटाचा आवाज बसलेला असताना उभे केले असेल. संगीत नाटकाचे नुसते पुस्तक वाचून बालगंधर्वांच्या रंगलेल्या प्रयोगाचा अंदाज कोणाला येईल काय?

आणखी एक गोष्ट. ज्यांनी ही बक्षिसे जिंकली त्या युफोरियन, फिलोक्लीस, क्सेनोक्लीस यांचे एकही नाटक पुरे उरलेले नाही. मग ती वाईट होती हे आपण कशावरून म्हणतो? केवळ हरवली म्हणून! एक जुना कोश सांगतो की युफोरियनने चार वेळा जी बक्षिसे मिळवली ती बापाची न झालेली नाटके करून. ४३१ चा विजय त्यांतला असेल, तर ‘मेडिया’ला हरवणारा म्हाताऱ्या एस्किलसचा आत्माच म्हणायचा. तसे असेल तर परीक्षकांना कोण हसेल?

तरी सगळाच वाद असा मिटत नाही, हेही कबूल केले पाहिजे. युरिपिडीसला हयातीत चारच विजय मिळाले. सोफोक्लीसला या एका उत्सवात अठरा. एवढे अंतर कपड्यांनी आणि आवाजांनी भरून निघत नाही. युरिपिडीसने बायकांना, दासांना, फाटक्या राजांना असे बोलायला लावले की बाकावर बसलेल्या साध्या नागरिकाला अवघडल्यासारखे होई, आणि घागरीतून निघालेला परीक्षक हा असाच साधा नागरिक होता. शेजारी हजारो माणसे ओरडत असताना त्याने मत लिहायचे. प्लेटोचा आक्षेप नेमका इथे आहे. परीक्षकाने प्रेक्षकांचा शिष्य होऊन बसू नये, गुरू व्हावे, गलका ऐकून निकाल देऊ नये, असे तो म्हणतो. प्लेटोचे सगळे मला मान्य नाही. हजारांचा गलका नको म्हणून एका शहाण्याच्या लहरीवर निकाल सोपवावा, हा उपाय रोगापेक्षा बरा नव्हे. पण घागरीवर मोहोर लावून लाच थांबते, भिडस्तपणा थांबत नाही, हे त्याने बरोबर ओळखले होते.

युरिपिडीस इ. स. पूर्व ४०६ मध्ये मॅसिडोनियात वारला. स्पर्धेच्या काही दिवस आधी कवी आणि नट लोकांपुढे येऊन आपल्या नाटकांची माहिती देत. अंदाजांना ऊत यायचा तो तेव्हाच. त्या वर्षी वृद्ध सोफोक्लीस काळी वस्त्रे घालून आला. आपल्या कोरसला आणि नटांना त्याने डोक्यावर माळा घालू दिल्या नाहीत. ज्याच्याशी जन्मभर स्पर्धा केली त्याचे सुतक त्याने पाळले, आणि लोक रडले, असे जुन्या चरित्रात म्हटले आहे. त्याच वर्षाच्या आतबाहेर सोफोक्लीसही गेला.

त्यानंतर लगेच, ४०५ साली, अ‍ॅरिस्टोफेनीसने ‘बेडूक’ हे नाटक केले. त्यात नाटकांचा देव डायोनिसस युरिपिडीसला परत आणायला पाताळात उतरतो. तिथे एस्किलस आणि युरिपिडीस यांच्यात थोर कोण यावर भांडण जुंपलेले, आणि परीक्षक म्हणून बसतो तो देवच. तराजू आणून दोघांच्या ओळी वाण्याच्या दुकानातल्यासारख्या तोलल्या जातात. देव गोंधळतो, टाळाटाळ करतो, आणि शेवटी ज्याला न्यायला आला होता त्याला तिथेच सोडून एस्किलसला घेऊन जातो! खुद्द देव परीक्षक झाला तरी निकालावर ओरड होणारच, हे इतक्या मौजेने क्वचितच कोणी दाखवले असेल. या नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. युरिपिडीसला पाचवे आणि शेवटचे बक्षीस मिळाले तेही मरणोत्तर; त्याची राहिलेली नाटके त्याच्या मुलाने केली, तेव्हा.

पुढे इ. स. पूर्व ३८६ पासून उत्सवात जुनी शोकांतिका पुन्हा करून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. दगडावर कोरलेल्या त्या नोंदींचे तुकडे मिळाले आहेत. ३४१ साली युरिपिडीसचे ‘इफिजेनिया’, ३४० साली युरिपिडीसचेच ‘ओरेस्तेस’. आणखी दहाएक वर्षांनी लायकर्गस या कारभाऱ्याने कायदा करून घेतला की एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघांचे काशाचे पुतळे रंगमंदिरात उभारावेत, त्यांच्या नाटकांच्या प्रती शहराच्या दप्तरात ठेवाव्यात, आणि नटांनी त्यांत आपल्या पदरचे शब्द घालू नयेत म्हणून शहराच्या कारकुनाने त्या वाचून ताडून पाहाव्यात. फिलोक्लीसच्या शंभर नाटकांची मात्र अशी प्रत कोणी ठेवली नाही.