सणाच्या दुसऱ्या दिवसाचे ताट

मंडळी, सणाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पोळ्याला बैल कसे सजवले, शिंगांना बेगड कोणी लावली, पुरण किती शिजले, पंगती किती उठल्या, हे सारे सांगायला माणसे हौसेने बसतात. पण सणाचा दुसरा दिवस मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. आपल्या वऱ्हाडात त्या दिवसाला ‘कर’ म्हणतात. पोळ्याची कर, होळीची कर. तोरणे अजून दारावर असतात, बैल गोठ्यात रवंथ करीत असतात, आणि घरातली बाई दुरडीवरचे फडके उचलून पाहते : काल काय काय उरले?

त्या दुरडीची थोडी हकीकत आज सांगायची आहे. उरलेल्या अन्नाला कसला आलाय इतिहास, असे कोणी म्हणेल. पण राजेरजवाड्यांचा इतिहास जसा तहनाम्यांत सापडतो, तसा गावाचा इतिहास पुष्कळदा ताटात सापडतो. कोण आधी जेवले, कोण मागून जेवले, आणि कोणाच्या वाट्याला कोणाचे उरलेले आले, एवढे कळले की त्या गावाची बरीचशी ओळख पटते.

आधी हे ध्यानात घ्या की वऱ्हाडचे रोजचे अन्न म्हणजे ज्वारीची भाकर. अमरावती, अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर या काळ्या मातीच्या मुलखात कापूस विकायला आणि ज्वारी खायला, अशी शेतीची जुनी वाटणी. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडी आली. हाती पैसा खेळू लागला. तरी गव्हाची पोळी बहुतेक घरांत सणापुरतीच राहिली. गहू, गूळ, चण्याची डाळ आणि तूप एकाच दिवशी एका चुलीवर येणे ही मोठी गोष्ट होती. म्हणून पुरणपोळी उरली तर ती ओझे वाटत नसे. सण आणखी एक दिवस लांबला, असेच घरातल्या पोरांना वाटे.

आणि उरलेल्याचे करायचे काय, हे आपल्या बायकांना कोणी शिकवावे लागले नाही. डाळ शिजवून निथळलेले पाणी म्हणजे कट. त्याची आमटी दुसऱ्या दिवशी उकळली की अधिकच मुरते. पुरणपोळी मंद तव्यावर तूप सोडून शेकली की कडा कुरकुरीत होतात. पोळी न करता उरलेले पुरण दुधात शिजवले की खीर होते. शिळी भाकर हाताने चुरायची, तिच्यावर ताकाचा हबका मारायचा, आणि मोहरी, हिरवी मिरची, कांदा, शेंगदाणे यांच्या फोडणीत परतायची. ही झाली फोडणीची भाकर. रानात जाणाऱ्या माणसाची न्याहारी तेवढ्यात भागते.

पण या साऱ्यांत वऱ्हाडचा खरा मानकरी वडाभात. सणाला नैवेद्याचे वडे होतातच. तूर, चणा, मूग, उडीद अशा डाळी भिजवून, जाडसर वाटून तळलेले. दुसऱ्या दिवशी ते कडक होतात, नुसते खाववत नाहीत. मग ताजा मोकळा भात करायचा, त्यावर हे वडे हाताने कुस्करायचे, आणि तेलात मोहरी, हिंग, हळद, लाल मिरची तडतडवून ती फोडणी वरून ओतायची. तेल ओतताना हात आखडायचा नाही, हा वऱ्हाडी कायदा. सोबत कढी किंवा ताक. पाश्चात्त्य घरांत मेजवानीतले उरलेले मांस, बटाटे, भाजी एका भांड्यात थरावर थर रचून भट्टीत भाजतात. आपली भट्टी म्हणजे फोडणीची पळी. युक्ती तीच : कालचे चार वेगळे जिन्नस आज एका ताटात नांदवायचे. वडाभात लोकांना इतका आवडला, की आता त्यासाठी वडे मुद्दाम तळतात.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. या शिळ्याचे कौतुक करताना ते खाल्ले कोणी, हेही विचारावे. पुष्कळ घरांत गरम भाकर पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात पडे आणि शिळा तुकडा बाई आपल्यासाठी ठेवी. ‘मले चालते, तुमी जेवा’, हे आजीचे शब्द आपण सर्वांनी ऐकले आहेत. ती काटकसर होती, माया होती, पण अन्यायही होता. वडाभात चांगला तो यासाठी की तो एकाच कोपरात कालवला जातो. त्यात शिळे कोणाचे आणि ताजे कोणाचे, हा भेद उरत नाही. सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन होते, तिथेही पोहे, लाह्या, दही, लोणचे एकत्र कालवून एकाच हाताने सर्वांना वाटतात. काल्याचा अर्थ तोच आहे.

आता घराच्या उंबऱ्याबाहेर या. इथे शब्द बदलतो. घरात जे उरते ते ‘शिळे’. दुसऱ्याच्या ताटात किंवा पत्रावळीवर उरते ते ‘उष्टे’. या दोन शब्दांत एका अक्षराचाही संबंध नाही, आणि अर्थात तर जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिळे आपण आपल्या हाताने नीट करून आपल्या माणसांना वाढतो. उष्टे टाकले जाते, आणि कोणाला तरी ते उचलावे लागते.

अकोल्याहून पश्चिमेला, रेल्वेच्या वाटेवर शेगाव आहे. तिथली परंपरा अशी सांगते की २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज लोकांच्या दृष्टीस प्रथम पडले, ते एका घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना. भाविक या कथेतून अन्न हे ब्रह्म आहे हा बोध घेतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यातली दुसरी बाजूही पाहावी. पंगत उठली की पत्रावळी बाहेर पडत, आणि त्यांवर अन्न शिल्लक असे. संतांनी ते वेचले ते आपल्या वैराग्याने. पण गावोगाव दुसरी माणसे ते वेचीत होती, ती भुकेने.

आणि काही माणसांच्या बाबतीत तर ती रीतच होऊन बसली होती. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात महार समाजाने गावाची वेठ करायची, सांगावे न्यायचे, मेलेली ढोरे ओढायची, आणि त्या बदल्यात बलुत्याबरोबर घरोघर फिरून भाकरीचे तुकडे मागायचे. त्याला लोक ‘हक्क’ म्हणत. असल्या हक्काने माणसाची मान खाली जाते. कष्ट करणाऱ्याला मजुरी न देता कालचा तुकडा दिला, तर त्यात अन्नाचाही मान राहत नाही आणि माणसाचाही.

त्यातच दुष्काळ आले. १८९६-९७ चा एक, आणि त्याची झळ निवते न निवते तोच १८९९-१९०० चा दुसरा. दुसरा अधिक भयंकर. ज्या वऱ्हाडात कापसाच्या गाड्यांची रांग हटत नसे, तिथे लोक खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेले, पाला आणि कंदमुळे शोधीत फिरले. पैशाचे पीक पोट भरीत नाही, हा धडा त्या वर्षांनी दिला. अन्न टाकणाऱ्याकडे रागाने पाहणाऱ्या आज्या आपल्याला आठवतात ना? त्यांच्या मागे त्यांच्या आयांनी सांगितलेले हे दुष्काळ होते.

अशा मुलखात एक माणूस वाढला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर. बाप दारूपायी गेला, मायलेक मूर्तिजापूरजवळ दापुरे गावी मामाकडे आले. पोराने गुरे राखली, नांगर धरला. पुढे मुलीच्या बारशाला त्याने जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि बोकड न देता गोडाधोडाचे जेवण दिले, तेव्हा भाऊबंद खवळले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक मातीचे गाडगे. लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले.

ते गाडगे नीट पाहा, मंडळी. बाबा गावात शिरत, आधी गाव झाडीत, गटार उपशीत, लाकडे फोडीत. मग कोणाच्या दारी भाकर मागत. मिळेल ती भाकर, मिळेल ते कालवण त्या गाडग्यात एकत्र होई आणि तेच त्यांचे जेवण. तुकडा शिळा असेल, पण तो फुकटचा नव्हता आणि लाचारीचाही नव्हता. कष्ट आधी, अन्न मागून. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तिथे त्यांनी चिखल तुडवला, घाट बांधायला लोक उभे केले, आणि आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घातले. स्वतः गाडग्यात खाणाऱ्या या माणसाने दुसऱ्याला मात्र उष्टे कधी दिले नाही. त्यांच्यासाठी नवे शिजवले, आणि पंगतीत बसवून वाढले. कीर्तनातून ते बजावीत की कर्ज काढून सण करू नका. सणाचे अन्न उरते ते दोन कारणांनी : एक भरभराटीने, दुसरे दिमाखाने. दुसऱ्या प्रकारचे जे उरते ते सावकाराच्या वहीत उरते.

त्याच सुमारास दुसरीकडून एक आवाज उठला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या महाड इथे परिषद भरली. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना सांगितले की मेलेल्या जनावरांचे मांस खाऊ नका आणि दारोदारचे शिळेपाके तुकडे मागू नका. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला अमरावतीला अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी वऱ्हाडची परिषद भरली, तिचे अध्यक्षही बाबासाहेबच होते. पंजाबराव देशमुख त्या चळवळीच्या बाजूने उभे होते. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. तुकडा नाकारणे ही तेव्हा सोपी गोष्ट नव्हती. तो नाकारला की त्या रात्री चूल पेटेलच अशी खात्री नसे. तरीही लोकांनी तो नाकारला. वऱ्हाडच्या अन्नाच्या इतिहासात एखाद्या नव्या पक्वान्नापेक्षा ही घटना मोठी मानली पाहिजे.

गाडगेबाबा आणि बाबासाहेब यांचा एकमेकांवर लोभ होता. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. एकाने तुकडा मागायचा नाही असे शिकवले, दुसऱ्याने कष्टावाचून तुकडा घ्यायचा नाही असे दाखवले. दोघांचे म्हणणे एकाच ठिकाणी येऊन मिळते.

पुढेही टंचाई आली. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी एक वेळ उपास करायला सांगितले, तेव्हा कितीतरी घरांनी तो पाळला. १९७२ च्या दुष्काळात परदेशी तांबडी मिलो ज्वारी खाल्लेली माणसे अजून आपल्यात आहेत. आणि २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सरकारी शाळांतल्या मुलांना शिजवलेले जेवण मिळालेच पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेत दुपारी मुले एका ओळीत बसून ताजी खिचडी खातात, ती ओळ साधी नाही. या मुलखात कधीकाळी काही मुलांना उंबऱ्याबाहेर थांबून काल उरलेल्याची वाट पाहावी लागे. मुलांना हे एकदा सांगा.

शेवटी दोन गोष्टी व्यवहाराच्या. पूर्वीच्यांना ठाऊक नव्हते, पण आज आपल्याला ठाऊक आहे, की शिजलेला भात उबेत तासन्‌तास राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तेव्हा वडे कालचे चालतील, पण भात ताजाच लावा. उरलेला भात ठेवायचाच असेल तर पसरट ताटात लवकर निववून थंड कपाटात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. आमटी खळखळ उकळा. आंबूस वास आला तर हळहळ न करता टाका.

आणि दुसरी गोष्ट. सणाला शेजारी कोणी उपाशी असेल, कामावरची बाई असेल, गडी असेल, तर त्याचे ताट पहिल्या दिवशी वाढा, पहिल्या पंगतीत वाढा. दुसऱ्या दिवशी जे उरेल ते आपण घरच्या सर्वांनी मिळून खावे. कोपर मध्ये ठेवावे, वडे कुस्करावे, वरून चरचरीत फोडणी ओतावी, आणि घरातल्या बाईलाही बरोबर जेवायला बसवावे. मग ती कर सणाइतकीच गोड होईल.