बेंबळीच्या केसपेपरपासून क्वांटमपर्यंत : विजय भटकरांची पिढी आणि तिच्यानंतरची

१/
धाराशिव तालुक्यातील बेंबळी असो वा मराठवाड्यातील कोणतेही गाव, कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास बहुधा एका प्लास्टिकच्या पिशवीत असतो. त्यात घड्या पडलेले केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट आणि एखादा एक्स-रे. ही पिशवी आता हळूहळू ‘आभा’ नावाच्या चौदा अंकी क्रमांकात रूपांतरित होत आहे. हे ज्या साधनांमुळे शक्य झाले, त्यांची एक महत्त्वाची वाट १९८८ च्या पुण्यातून निघते. #थ्रेड

२/
विजय पांडुरंग भटकर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजी अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात झाला. नागपुरातून अभियांत्रिकीची पदवी, बडोद्यातून पदव्युत्तर शिक्षण, १९७२ मध्ये आयआयटी दिल्लीची डॉक्टरेट. सारे शिक्षण भारतातच झाले, ही बाब पुढे महत्त्वाची ठरते. १९८० ते १९८७ या काळात ते तिरुवनंतपुरम येथील इलेक्ट्रॉनिक्स संशोधन व विकास केंद्राचे संचालक होते. उद्योगांना लागणाऱ्या नियंत्रण प्रणाली तयार करणे, हे त्या केंद्राचे काम. प्रसिद्धीपासून दूरच, परंतु सरकारी चौकटीत राहून वेळेत वस्तू तयार करण्याचा सराव त्यांना तेथेच झाला.

३/
त्याच सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी ‘क्रे’ कंपनीचा शक्तिशाली महासंगणक भारताला हवा होता. अमेरिकेने तो दिला नाही. त्याचा वापर अण्वस्त्रे वा क्षेपणास्त्रांच्या गणितासाठी होईल, ही शंका होती. दिल्लीत हवामानाच्या अंदाजासाठी त्याहून कमी क्षमतेचे यंत्र तेवढे मिळाले, तेही कडक अटींवर.

४/
या नकारातून मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ‘सी-डॅक’, उभे राहिले. भटकर त्याचे संस्थापक कार्यकारी संचालक. मुदत तीन वर्षांची, निधी सुमारे ३० कोटी रुपयांचा. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सादर झाला.

५/
येथे एक तांत्रिक खुलासा आवश्यक आहे. क्रेचे सामर्थ्य अत्यंत वेगवान आणि महागड्या प्रोसेसरमध्ये होते. तसा प्रोसेसर घडवणे भारताला तेव्हा शक्य नव्हते. ‘परम’ने निराळा मार्ग घेतला : ब्रिटिश ‘इन्मॉस’ कंपनीचे, बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडायचे आणि एक मोठे गणित त्यांच्यात वाटून द्यायचे. एका बलदंड बैलाऐवजी अनेक साध्या बैलांची जोडणी, असे म्हणता येईल; मात्र सर्वांनी एका तालात ओढावे, यासाठी लागणारे सॉफ्टवेअर हाच त्यातील कठीण भाग होता. ‘संपूर्ण स्वदेशी’ हे विशेषण ‘परम’ला सैलपणे लावले जाते. चिप परदेशी होती. रचना आणि सॉफ्टवेअर येथले होते. यात कमीपणा काहीच नाही.

६/
महासंगणकाच्या कथेत एक नाव नेहमी मागे पडते : मोहन तांबे. आयआयटी कानपूरमध्ये त्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणणारे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान विकसित केले आणि पुढे ते काम सी-डॅकमध्ये आले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक झाली. आरोग्याच्या दृष्टीने हे काम महासंगणकाइतकेच मोलाचे म्हणावे लागेल. ‘शिंदे’ हे आडनाव रोमन लिपीत एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरे असे लिहिले गेले, की एकाच रुग्णाच्या दोन नोंदी होतात. दोन नोंदी झाल्या, की पहिल्या नोंदीतील औषधाची ॲलर्जी दुसऱ्या डॉक्टरला दिसत नाही.

७/
संगणक खेड्यात पोचवणे हा निराळाच उद्योग होता. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या, म्हणजेच ‘एमकेसीएल’च्या, उभारणीत भटकरांचा वाटा होता. तिच्या ‘एमएस-सीआयटी’ची आज थट्टा होते, सरकारी नोकरीसाठीचे प्रमाणपत्र, एवढीच त्याची ओळख उरली आहे. परंतु ग्रामीण महाराष्ट्रात माउस प्रथम हातात धरणारी पिढी याच वर्गांतून बाहेर पडली. इतिहासकाराने तिला तळटीपेत ढकलू नये.

८/
दूरवैद्यकाचे काम सी-डॅकच्या मोहाली केंद्राने हाती घेतले होते. त्याच केंद्राची ‘ई-संजीवनी’ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत ती थेट रुग्णांसाठी खुली झाली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवतो, दुसऱ्या टोकाला डॉक्टर पडद्यावर असतो आणि औषधाची चिठ्ठी ऑनलाइन येते. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशभरात असे १० कोटी सल्ले झाले होते. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिमसोबत धाराशिवचे (तेव्हाचे उस्मानाबाद) नाव होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

९/
पिशवी हरवली तर एका घराचे नुकसान होते. सर्व्हर हरवला तर? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. सुमारे दोन आठवडे देशातील सर्वांत नामांकित सरकारी रुग्णालय पुन्हा हाताने लिहिलेल्या कागदांवर चालले.

१०/
क्वांटम तंत्रज्ञानाचा आरोग्याशी पहिला गंभीर संबंध येथेच येतो. १९९४ मध्ये पीटर शोर या गणितज्ञाने दाखवून दिले, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडू शकेल. आज प्रचलित असलेली ‘आरएसए’ ही कुलपे नेमकी त्याच गणिताच्या अवघडपणावर विसंबून आहेत. तसा संगणक अद्याप अस्तित्वात नाही. पण कुलूपबंद माहिती आज चोरून साठवायची आणि किल्ली सापडेल तेव्हा उघडायची, हे शक्य आहे. बँकेचा पासवर्ड तोवर बदललेला असेल. क्षयाची, एचआयव्हीची वा गर्भपाताची नोंद बदलत नाही.

११/
भारतात क्वांटमची धुरा वाहणारी पिढी भटकरांहून वेगळ्या वाटेने आली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. विजयराघवन यांची डॉक्टरेट येल विद्यापीठाची, मिशेल डेव्होरे यांच्याकडची. याच डेव्होरे यांना २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. त्याच संस्थेतील मंदार देशमुख आयआयटी मुंबईनंतर कॉर्नेलला गेले, परतले आणि २०१५ च्या भटनागर पुरस्काराचे मानकरी ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये या संस्थेत सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी झाली. क्युबिट संस्थेचे, नियंत्रण यंत्रणा पुण्यातील डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेची, क्लाउडवरून वापराची सोय टीसीएसची.

१२/
त्याआधी १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्राने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली होती. त्यातील संवेदक व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आले. हिऱ्यातील सूक्ष्म दोषांच्या साहाय्याने अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे प्रयोग तेथे चालतात. मेंदू वा हृदयातील क्षीण चुंबकीय संकेत टिपणे हे अशा संवेदकांचे एक संभाव्य क्षेत्र मानले जाते. ग्रामीण रुग्णालयापर्यंत ते कधी पोचतील, याचा अंदाज आज बांधणे फोल आहे.

१३/
सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने क्वांटम संगणक आणि त्यांना लागणाऱ्या अतिशीत उपकरणांच्या निर्यातीवर नवे निर्बंध घातले. १९८७ ची आठवण होणे अपरिहार्य आहे. पण एक फरक नजरेआड करता येत नाही. तेव्हाच्या सी-डॅकमध्ये महासंगणक आणि देवनागरी यांवर काम करणारी माणसे एकाच छताखाली होती. आज डिजिटल आरोग्य अभियान आरोग्य मंत्रालयाकडे आहे आणि क्वांटम मिशन विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे. दोन्ही विषयांत काम करणारी सी-डॅकसारखी संस्था आहे खरी. पण रुग्णाच्या नोंदीला उद्याचे कुलूप कोण लावणार, हे काम दोघांपैकी कोणाचेच मुख्य काम नाही.

१४/
ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या कुलपांची पहिली तीन मानके जाहीर केली. जुनी कुलपे २०३५ नंतर पूर्णतः बंद करावीत, असा मसुदाही तिने त्याच वर्षी मांडला. २०२५ मध्ये बेंबळीत जन्मलेल्या आणि ‘यू-विन’वर लसीची नोंद झालेल्या बाळाचे वय तेव्हा दहा वर्षे असेल.