जलवर्धित शोभेच्या वनस्पती

मातीऐवजी पाण्यात मुळे सोडून घरात किंवा कचेरीत दीर्घकाळ वाढविल्या जाणाऱ्या पर्णशोभेच्या वनस्पती. फुलदाणीतील तोडलेली फुले काही दिवसांत कोमेजतात. येथे मात्र खोडाला नवी मुळे फुटून वनस्पती त्याच भांड्यात वर्षानुवर्षे जगते. मत्स्यपेटीतील पाणवनस्पती या प्रकारात मोडत नाहीत. त्या मूळच्या पाण्यातल्या, तर या मूळच्या जमिनीवरच्या. बाटलीतला मनी प्लँट हे महाराष्ट्रातील घरांत सर्वांत जास्त आढळणारे उदाहरण होय.

इतिहास : इंग्रज निसर्गवैज्ञानिक जॉन वुडवर्ड यांनी पावसाच्या, झऱ्याच्या व टेम्स नदीच्या पाण्यात पुदिना वाढवून पाहिला आणि निष्कर्ष १६९९ मध्ये प्रसिद्ध केले. पावसाच्या स्वच्छ पाण्यापेक्षा नदीच्या पाण्यात रोपे अधिक वाढली. म्हणजे वाढीला नुसते पाणी पुरत नाही, त्यात विरघळलेले पदार्थही लागतात. ते पदार्थ कोणते, हे १८६० च्या सुमारास जर्मनीत यूलियस झाक्स व व्हिल्हेल्म क्नोप यांनी क्षारांची द्रावणे वापरून दाखविले. घरगुती शोभेची परंपरा याहून वेगळी आहे. अठराव्या शतकात यूरोपात हायसिंथचे कंद खास घडविलेल्या काचपात्रांच्या तोंडावर ठेवून फुलविले जात. पण कंद स्वतःच्या साठ्यावर फुलतो आणि एका हंगामात रिता होतो. टिकाऊ शोभेसाठी सदाहरित पर्णवनस्पतीच निवडाव्या लागतात.

मुळांची वाढ : पेरापाशी आगंतुक मुळे सहज फुटतात, अशाच वनस्पती पाण्यात तग धरतात. मनी प्लँटच्या (एपिप्रेम्नम ऑरियम, कुल : ॲरेसी) प्रत्येक पेरावर हवाई मुळाचा तपकिरी उंचवटा असतो. तो पाण्यात बुडाला की साधारण दोन आठवड्यांत तेथून पांढरे मूळ निघते. पेर नसलेले नुसते पान बरेच दिवस हिरवे राहिले, तरी त्याला कोंब येत नाही.

मुळांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. २५° से. तापमानाच्या लिटरभर पाण्यात तो फार तर ८ मिग्रॅ. विरघळतो, तेवढ्याच हवेत तो याच्या तिसपटीहून अधिक असतो. पाणी तापले की हे प्रमाण आणखी घटते. त्यामुळे झाड कुजते ते पाण्यामुळे नव्हे, तर पाण्यातील हवा संपल्यामुळे. निरोगी मुळे पांढरी व टणक असतात. गुदमरलेली तपकिरी, बुळबुळीत होतात व त्यांना कुबट वास येतो. कुंडीतले रोप पाण्यात हलविताना माती धुऊन टाकली, तरी जुन्या मुळांपैकी बरीच सडतात आणि पाण्याला सरावलेली नवी मुळे त्यांची जागा घेतात.

उपयुक्त वनस्पती : मनी प्लँटखेरीज सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, ॲग्लोनिमा, स्पायडर प्लँट, कोलियस व ट्रॅडेस्कँशिया या वनस्पती पाण्यात चांगल्या वाढतात. ‘लकी बांबू’ हा बांबू नसून पश्चिम-मध्य आफ्रिकेतील ड्रॅसीना सँडेरियाना होय. नळाच्या पाण्यात फ्ल्युओराइड वा क्षार जास्त असल्यास त्याच्या पानांची टोके करपतात. अशा वेळी पावसाचे पाणी वापरावे. निवडुंगासारख्या मांसल वनस्पती पाण्यात सहसा सडतात.

निगा : छाट पेराच्या खाली धारदार कात्रीने कापून पाण्यात बुडणारी पाने काढून टाकतात. अरुंद तोंडाचे भांडे खोडाला आधार देते. मुळे लांबल्यावर त्यांचा वरचा भाग हवेत राहील एवढेच पाणी ठेवतात. पारदर्शक काचेत उजेड व क्षार यांमुळे शेवाळ धरते. तपकिरी बाटलीत ते कमी होते. भांडे खिडकीजवळ, पण थेट उन्हापासून दूर ठेवावे. पाणी आठवड्याला बदलतात आणि महिन्यातून एकदा १९:१९:१९ या विद्राव्य खताची लिटरला चिमूटभर मात्रा देतात. खत जास्त झाल्यास मुळे जळतात.

डासांचा धोका : डेंग्यू पसरविणारा एडीस इजिप्ती डास घरातील साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणूनच मुंबईत पावसाळ्यात महानगरपालिकेचे कर्मचारी घरोघरी तपासणी करतात, तेव्हा मनी प्लँटच्या बाटल्या व लकी बांबूची भांडीही पाहतात. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. मादी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतील भिंतीवर अंडी चिकटविते आणि ती कोरडी राहूनही अनेक महिने टिकतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही. ब्रशने आतून घासणे आवश्यक असते. आरोग्य विभाग सांगतो त्या साप्ताहिक ‘कोरड्या दिवशी’च हे काम उरकता येते. तोंड कापसाने किंवा बारीक जाळीने बंद केल्यास धोका आणखी कमी होतो. या वनस्पतींच्या व्यापारातूनही डास पसरले आहेत : २००१ मध्ये चीनमधून पाण्यात ठेवून आणलेल्या लकी बांबूबरोबर एडीस अल्बोपिक्टस डास कॅलिफोर्नियात पोचले.

मर्यादा : ॲरेसी कुलातील पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते, म्हणून लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून ही भांडी दूर ठेवावीत. पाण्यातील वाढही मर्यादित असते. झाडावर चढलेल्या मनी प्लँटचे पान मीटरभर लांब होऊ शकते. बाटलीत ते तळहाताएवढेच राहते. कालांतराने वेलीचा खालचा भाग उघडा पडतो. तेव्हा शेंडे छाटून त्याच भांड्यात पुन्हा रुजवितात. एकाच वेलीपासून शोभा अनेक वर्षे टिकविण्याची हीच नेहमीची रीत आहे.