सागवान : लाकूड, जहाज आणि जंगल

आपल्या धर्मग्रामांतील जुन्या चर्चचे आणि घरांचे वय आपण दर्शनी भिंतीवर कोरलेल्या सनावरून सांगतो. त्या भिंतींवर छप्पर तोलून धरणाऱ्या तुळया व वासे मात्र कोठून आले, हे आपण क्वचितच विचारतो. कोकणात या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या ज्या लाकडावर विश्वास ठेवला गेला, ते सागवान. त्याचे गुण कोणते, ते कोणाच्या उपयोगी पडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा थोडा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

साग हा पानझडीचा वृक्ष. त्याच्या सालीलगतचे लाकूड फिकट व लवकर किडणारे. खरे मोल आतल्या सोनेरी-तपकिरी गाभ्याचे. या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी व बुरशी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. ऋतुमानाप्रमाणे तो फारसा फुगत वा आकसत नाही, म्हणून सागाचे दार पावसाळ्यातही चौकटीत अडकत नाही. वाळलेल्या लाकडाचे वजन घनमीटरला सुमारे 650 किलो भरते, म्हणजे ताकदीच्या मानाने ते हलकेच. त्यात वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असल्याने करवतीची धार लवकर बोथट होते. पण रंधा फिरल्यावर जी झळाळी येते, तिने सुताराच्या श्रमाचे चीज होते. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला बसविलेल्या सागाच्या कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत, यापेक्षा मोठी साक्ष ती कोणती?

सागाचा लौकिक दूरवर नेला तो समुद्राने. युरोपातील जहाजे ओकच्या लाकडाची असत. ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात. सागातील तेल उलट त्यांचे रक्षण करते. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. मागील डोंगरांत साग आणि पुढे खाडी, अशा या ठिकाणी जहाजबांधणी रुजली. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. त्याच सुमारास, 1736 मध्ये, सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत कामाला आरंभ केला होता. पुढे त्यांच्या वंशजांनी ब्रिटिश आरमारासाठी सागाच्या युद्धनौका बांधल्या. 1810 ची ‘मिंडेन’ आणि 1813 ची ‘कॉर्नवॉलिस’ या त्यांपैकीच. चीनला हाँगकाँग गमवावे लागले तो 1842 चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’वरच झाला. 1817 मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

पण गोदीची भूक जंगलाला भागवावी लागते. मराठी राज्यातही आरमारासाठी सागाची गरज होतीच. तथापि रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त याविषयी सक्त ताकीद आहे : आरमारासाठी लाकूड हवे तर हुजूरच्या परवानगीने तोडावे. रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंबा-फणसांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच ते तोडावे.

कंपनी सरकारने हा विवेक दाखविला नाही. मलबारचा साग मुंबईच्या गोदीला हवा म्हणून 1806 मध्ये कॅप्टन वॉटसन यांची तेथे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. मक्तेदारीमुळे स्वतःच्या जमिनीतील झाडेही मालकांना परकी झाली. तक्रारी इतक्या वाढल्या की 1823 मध्ये ते पदच रद्द करावे लागले. तोवर मोठाले वृक्ष विरळ झाले होते. अखेरीस 1840 नंतरच्या दशकात निलांबूर येथे कलेक्टर कॉनोली आणि चातू मेनन यांनी सागाची लागवड सुरू केली. तोडलेले परत लावावे लागते, हा धडा उशिरा का होईना, शिकावा लागला.

ठाणे जिल्ह्याच्या जंगलांचीही कथा याहून सुखाची नाही. तेथील वारली बांधवांच्या वाट्याला सावकारी आणि वेठ आली. 1945 मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली ते उठले, तेव्हा वेठीचा अंत आणि गवतकापणी व जंगलकामाची रास्त मजुरी, एवढेच त्यांचे मागणे होते. ज्यांच्या कुऱ्हाडीने शहरांची घरे सजली, त्यांच्या झोपडीला कारवीच्या कुडाच्याच भिंती होत्या.

सागाचे शास्त्रीय नाव ‘टेक्टोना ग्रँडिस’. ‘टेक्टोना’ या शब्दामागे मल्याळी ‘तेक्क’ व त्यावरून आलेला पोर्तुगीज ‘तेका’ असला, तरी त्यात ग्रीक ‘टेक्टोन’, म्हणजे सुतार, हा शब्दही ऐकू येतो. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नाझरेथचे लोक आपल्या प्रभूला याच शब्दाने ओळखतात. संत योसेफाच्या हाती साग आला नसेल. पण लाकूड तासणाऱ्या हातांची प्रतिष्ठा त्या घरात निश्चित होती. 1955 मध्ये पोप बारावे पायस यांनी 1 मे हा दिवस श्रमिक संत योसेफाला वाहिला, तो याच जाणिवेने.

आज जुनी घरे पाडून सिमेंटची उभी राहत आहेत. त्यांतील तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, कारण शंभर वर्षांनंतरही त्यांचा गाभा शाबूत असतो. आमची विनंती एवढीच, की घर वा चर्च नव्याने बांधताना हे लाकूड शक्यतो तेथेच पुन्हा वापरावे : दाराला, बाकाला, वेदीला. आणि ज्या डोंगरांतून ते आले, तेथील माणसांच्या मजुरीचा व जमिनीचा प्रश्न निघेल तेव्हा आपण त्यांच्या बाजूने उभे राहावे. त्यांचे हे देणे आपल्याकडून अजून फिटलेले नाही.