कॅमेऱ्याचे चार निर्णय

छायाचित्रणाचा इतिहास सांगताना बहुधा प्रसिद्ध चित्रांचा व चित्रकारांचा इतिहास सांगितला जातो. ज्या यंत्राने ती चित्रे टिपली त्याच्यावरील चाकांचा आणि खुणांचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. आज मला त्याविषयी बोलावयाचे आहे.

आजच्या कोणत्याही बऱ्याशा डिजिटल कॅमेऱ्यावर चार गोष्टी ठरविण्याची सोय असते. पहिली संवेदनक्षमतेची, तिला आयएसओ अंक म्हणतात. दुसरी फ्लॅशची, तिसरी फोकसची, आणि चौथी प्रकाश मोजण्याच्या रीतीची, म्हणजे मीटरिंगची. आपल्यापैकी पुष्कळजण यांतील एकाही खुणेला हात न लावता 'ऑटो'वर बोट ठेवून मोकळे होतात. तथापि या चार खुणा म्हणजे चार प्रश्नच आहेत. किती प्रकाश पुरेसा मानावा? तो नसेल तर कोठून आणावा? चित्रात कोणी स्पष्ट दिसावे? आणि उजेड कोणाच्या मापाने मोजावा? आपण उत्तर दिले नाही तर यंत्र देते. आणि यंत्राचे उत्तर म्हणजे ते घडविणाऱ्या माणसांनी पूर्वी कधीतरी देऊन ठेवलेले उत्तर. ते कोणाच्या सोयीचे होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न संवेदनक्षमतेचा. १८३८ च्या सुमारास लुई दागेरने पॅरिसमधील बुलवार द्यु ताँप्ल या रस्त्याचे वरच्या खिडकीतून चित्र घेतले. रस्ता चांगला वर्दळीचा. पण चित्रात तो ओस पडलेला दिसतो. चांदीचा मुलामा दिलेल्या त्याच्या पत्र्यावर प्रकाशाचा ठसा उमटण्यास काही मिनिटे लागत, आणि तेवढ्यात गाड्या, घोडे, माणसे निघून जात. ठळक असा एकच माणूस उमटला. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून तो स्थिर उभा होता. जो थांबला तो इतिहासात राहिला. जे आपापल्या कामाला चालले होते ते पुसले गेले.

ही विद्या १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये सर्वांसाठी खुली झाली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकही तिच्यात वावरू लागले. पण त्या काळच्या रसायन लावलेल्या काचांत एक मोठे वैगुण्य होते. निळा रंग त्यांना चटकन दिसे, तांबड्याला मात्र त्या जवळजवळ आंधळ्या होत्या. परिणामी निळे आकाश पांढरेफटक पडे, कुंकू काळे उमटे, लाल शालू काळा होई, आणि गव्हाळ किंवा सावळी कांती प्रत्यक्षाहून अधिक काळवंडे. हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७३ साली योग्य रंगद्रव्य मिसळून काचेची दृष्टी हिरव्या रंगापर्यंत वाढविता येते हे दाखविले. तांबड्यासह सर्व रंगांना दाद देणाऱ्या काचा बाजारात सर्रास मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. तेव्हा घरातील एखाद्या फार जुन्या चित्रात पणजीचा चेहरा काळाठिक्कर दिसला, तर तो सर्वस्वी तिचा वर्ण समजू नये. काचेचे आंधळेपणही त्यात मिसळलेले आहे.

संवेदनक्षमता अंकांनी मोजण्याचे शास्त्र हर्टर आणि ड्रिफील्ड या इंग्लंडमधील रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्या दोघा मित्रांनी १८९० साली मांडले. पुढे जर्मनीने १९३४ मध्ये, अमेरिकेने १९४३ मध्ये आपापली मानके ठरविली. १९७४ मध्ये त्यांच्या संयोगातून आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि आयएसओ हे नाव आले. मात्र हा अंक तापमानासारखा निसर्गाने दिलेला आहे अशी कोणी समजूत करून घेऊ नये. १९६० साली अमेरिकेतील मानकात चूक सांभाळून घेण्यासाठी ठेवलेली सूट कमी करण्यात आली, आणि फिल्म तीच असताना तिच्या डबीवरील अंक जवळजवळ दुप्पट झाला! डिजिटल कॅमेऱ्यातही अंक वाढविला म्हणून संवेदकावर जास्त प्रकाश पडत नाही. आलेला क्षीण संदेश तेवढा मोठा केला जातो. दूरचे रेडिओ केंद्र ऐकण्यासाठी आवाज वाढविला की खरखरही वाढते. वाढविलेल्या आयएसओच्या चित्रात जे दाणे दिसतात ती हीच खरखर होय.

दुसरा प्रश्न प्रकाश आणण्याचा. १८८७ साली गेडिके व मीथे या जर्मन संशोधकांनी मॅग्नेशियमची भुकटी इतर द्रव्यांत मिसळून क्षणार्धात भडकणारी फ्लॅशची पूड तयार केली. ती बातमी वाचून न्यूयॉर्कमधील जेकब रीस हा वार्ताहर हरखला. तेथील गरीब वस्तीतील अंधाऱ्या खोल्यांत माणसे कशी कोंबलेली असत हे तो लिहून सांगे, पण कोणाला पटत नसे. मध्यरात्री तो त्या खोल्यांत शिरे आणि झोपलेल्या माणसांपुढे पूड पेटवी. एकदोनदा त्याने घरांनाही आग लावली. १८९० साली त्याचे पुस्तक निघाले. पुढे पोलीस आयुक्त झालेला थिओडोर रूझवेल्ट त्याच्या लेखनाने हलला, आणि पोलीस ठाण्यांत बेघरांना कोंबण्याच्या गलिच्छ खोल्या १८९६ साली बंद झाल्या. फ्लॅशने दडलेले दुःख उजेडात आणले, हे मान्य करावयास हवे. परंतु दचकून जागे झालेल्या त्या माणसांना कोणी विचारले नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

याच प्रश्नाची काळी बाजू दक्षिण आफ्रिकेत दिसली. तेथील वर्णद्वेषी सरकार काळ्या नागरिकांवर सक्तीने लादलेल्या ओळखपत्रांच्या फोटोंसाठी पोलरॉइड कंपनीचे साहित्य वापरी. कंपनीच्या ओळखपत्राच्या एका कॅमेऱ्यात फ्लॅशचा उजेड आणखी वाढविण्याची कळही होती. १९७० साली अमेरिकेत त्याच कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर व केन विल्यम्स या दोघांनी याविरुद्ध आवाज उठविला. १९७७ साली कंपनी त्या देशातून बाहेर पडली. सावळा चेहरा उजळवील असा प्रकाश तंत्रज्ञांना ठाऊक होता. तो कशासाठी वापरावयाचा, एवढाच प्रश्न होता.

तिसरा प्रश्न फोकसचा. शंभर वर्षांहून अधिक काळ कोणाचा चेहरा रेखीव यावा हे चित्रकाराच्या बोटांनी लेन्स फिरवून ठरत असे. १९७७ साली जपानमधील कोनिका कंपनीचा स्वयंचलित फोकसचा पहिला बाजारी कॅमेरा आला. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने ही सोय हौशी व धंदेवाईक अशा सर्वांच्याच हाती आणली. आरंभीच्या यंत्रांची नजर चौकटीच्या मध्यावर खिळलेली असे. नवराबायको शेजारी शेजारी उभे राहिले की ती नजर दोघांमधील फटीतून पार मागच्या भिंतीवर जाई. भिंतीची वीट न् वीट स्पष्ट आणि जोडपे धूसर! आता कॅमेरे चेहरे व डोळेही हुडकतात. तरी घोळक्यातला नेमका कोणता चेहरा महत्त्वाचा, हे त्यांना कसे कळावे?

चौथा प्रश्न मापाचा, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर. वेस्टन कंपनीने १९३२ साली विजेवर चालणारा प्रकाशमापक बाजारात आणला. वस्तूवरून परत येणारा उजेड तो मोजतो. पण ती वस्तू मुळात काळी आहे की पांढरी हे त्याला समजत नाही. म्हणून समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे तो धरून चालतो. चौकटभर काळी म्हैस असो की चौकटभर पांढरे धोतर, यंत्राला दोन्ही करडीच करावयाची असतात. १९८३ साली निकॉनच्या एका कॅमेऱ्याने चौकटीचे पाच भाग पाडून ते आधीच साठविलेल्या नमुन्यांशी ताडून पाहण्याची रीत काढली. आता प्रश्न असा, की नमुने कोणाचे?

याचे उत्तर रंगीत फिल्मच्या इतिहासात मिळते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी एका गोऱ्या तरुणीचे नमुनाचित्र पाठवी. पहिल्या तरुणीच्या नावावरून त्याला 'शर्ली' म्हणत. शर्लीची कांती ठीक आली की चित्र ठीक, हा न्याय! काळ्या मुलांचे चेहरे वर्गाच्या चित्रात डोळे आणि दातांपुरते उरत. गंमत अशी, की फिल्म गडद छटांत तोकडी पडते ही तक्रार जोराने मांडणाऱ्यांत चॉकलेटचे आणि लाकडी सामानाचे कारखानदार होते. त्यांना आपल्या मालातील तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसावयास हव्या होत्या. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांची नमुनाचित्रे १९९० नंतरच्या दशकात आली. सावळ्या कांतीला न्याय देण्याचा दावा गूगल कंपनीने आपल्या फोनच्या कॅमेऱ्याविषयी केला तो २०२१ साली. हे सारे रसायनांना आणि संवेदकांना अशक्य नव्हते. मागणाऱ्याचा आवाज पोचला तेव्हा ते झाले.

सारांश, 'ऑटो' म्हणजे कोणाची तरी सरासरी. ती टाकाऊ नाही. शंभरांतील नव्वद चित्रे ती बरी काढील. पण पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे सावळी मुलगी उभी असेल, तर सरासरीचे माप भिंतीला मान देईल आणि मुलीचा चेहरा काळोखात लोटील. अशा वेळी मापन सबंध चौकटीऐवजी चेहऱ्यापुरते घ्यावे, फोकस तिच्या डोळ्यांवर ठेवावा, अधिक-उणे खूण गरजेप्रमाणे थोडी सरकवावी, आणि फ्लॅश पेटविण्यापूर्वी तिला विचारावे. एवढ्या चार हालचालींना दहा सेकंदही लागत नाहीत. आणखी पन्नास वर्षांनी तिची नातवंडे ते चित्र पाहतील तेव्हा त्यांना भिंत नव्हे, आपली आजी दिसली पाहिजे.