विश्वकिरणांचे आंतरतारकीय वर्णपट

ताऱ्यांमधील अवकाशात सर्व दिशांनी फिरणाऱ्या अतिवेगवान अणुकेंद्रांना व इलेक्ट्रॉनांना विश्वकिरण म्हणतात. त्यांपैकी कोणत्या ऊर्जेचे किती कण आहेत, हे दर्शविणारा आलेख म्हणजे त्यांचा ऊर्जा वर्णपट होय. व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांनी १९१२ मध्ये फुग्यातून केलेल्या मापनांमुळे विश्वकिरणांचा शोध लागला. तथापि कमी ऊर्जेच्या भागातील त्यांचा मूळ वर्णपट पुढे शंभर वर्षे कोणालाही प्रत्यक्ष मोजता आला नाही. सूर्यापासून सतत बाहेर वाहणारा सौरवात आपल्याबरोबर चुंबकीय क्षेत्र वाहून नेतो व बाहेरून येणाऱ्या कणांना मागे लोटतो. उच्च ऊर्जेच्या कणांवर याचा परिणाम अल्प असतो. कमी ऊर्जेचे मात्र फारच थोडे कण पृथ्वीपर्यंत पोहोचतात व त्यांचीही ऊर्जा वाटेत घटलेली असते. त्यामुळे बाहेरचा वर्णपट गणिती प्रतिमानांवरूनच काढावा लागे आणि एकाच मापनाशी जुळणारी अनेक प्रतिमाने रचता येत.

या प्रश्नाच्या इतिहासात मुंबईचा वाटा मोलाचा आहे. होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरण हा आरंभापासूनच प्रमुख विषय होता. लिथियम, बेरिलियम व बोरॉन ही मूलद्रव्ये ताऱ्यांत अत्यल्प असतात. विश्वकिरणांत मात्र ती बऱ्याच प्रमाणात आढळतात. कार्बन, ऑक्सिजन यांची अणुकेंद्रे आंतरतारकीय वायूवर आदळून फुटल्याने ती निर्माण होतात. म्हणून त्यांच्या प्रमाणावरून विश्वकिरणांनी वाटेत किती द्रव्य ओलांडले, याचा अंदाज येतो. रामनाथ कौसिक, यश पाल, एस्. एन्. तंडन व आर्. पी. वर्मा यांनी १९६७ मध्ये या प्रश्नाचा स्थिर अवस्थेच्या दृष्टीने विचार केला. आकाशगंगेत उद्गमांपासून कणांची भर सतत पडते आणि गळती, ऊर्जाव्यय व भंजन यांमुळे तेवढीच घट होते. अशा समतोलात सर्व कणांचा प्रवास सारख्याच लांबीचा नसतो. पुष्कळसे लवकर निसटतात, थोडे दीर्घकाळ भटकत राहतात. ‘गळकी पेटी’ हे या प्रतिमानाचे रूढ झालेले नाव काहीसे गमतीदार असले, तरी कल्पना इतकी सोपी व कामाची ठरली की, अर्ध्या शतकानंतरही ती वापरात होती.

कमी ऊर्जेच्या टोकाला आणखी एक गुंता होता. १९७० नंतरच्या काही वर्षांत अवकाशयानांवरील उपकरणांना हीलियम, नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे अनपेक्षित आधिक्य आढळले. हे कण दूरच्या उद्गमांतून आलेले नसावेत. आंतरतारकीय वायूतील उदासीन अणू सूर्यमंडळात शिरून एकेक इलेक्ट्रॉन गमावत असावेत व नंतर प्रवेगित होत असावेत, असे गृहीतक १९७४ मध्ये मांडले गेले. ते खरे असेल, तर ऑक्सिजनावर आठऐवजी एकच विद्युत् भार असला पाहिजे. याची परीक्षा ‘अनुराधा’ या भारतीय प्रयोगाने केली. सुकुमार विश्वास यांच्या नेतृत्वाखाली टाटा संस्थेत सिद्ध झालेले हे उपकरण २९ एप्रिल १९८५ रोजी चॅलेंजर यानातील स्पेसलॅब-३ बरोबर गेले. त्यात विशिष्ट प्लॅस्टिकच्या चकत्यांचे दोन थर होते. कणाने पाडलेला माग रासायनिक प्रक्रियेने उघड करता येई. खालचा थर मंद गतीने फिरत असल्याने दोन्ही थरांतील मागांच्या अंतरावरून कण केव्हा आला व त्या वेळी यान कोठे होते, हे कळे. एवढ्या कमी ऊर्जेचा पूर्ण भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून त्या ठिकाणी पोहोचूच शकला नसता. म्हणजे पृथ्वीचाच चाळणीसारखा उपयोग केला गेला. मिळालेले निष्कर्ष एकभारित ऑक्सिजनाशी जुळले.

प्रत्यक्ष मापनाचा योग २५ ऑगस्ट २०१२ रोजी आला. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ हे अमेरिकन यान त्या दिवशी, सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे १२२ पट अंतरावर, सौरवाताची सीमा ओलांडून गेले. सीमेबाहेर अनुराधाने तपासलेल्या प्रकारचे कण जवळजवळ नाहीसे झाले व दूरच्या उद्गमांतील विश्वकिरण वाढले. ३ ते ३४६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (प्रत्येक न्यूक्लिऑनमागे) या पल्ल्यात हायड्रोजन व हीलियम यांचे वर्णपट एकाच आकाराचे निघाले. हायड्रोजनाची कमाल तीव्रता पृथ्वीजवळील तीव्रतेच्या सुमारे १५ पट होती. २०१६ मध्ये या मापनांशी तुलना करण्यासाठी घेतलेल्या प्रतिमानांत गळकी पेटीही होती. एक विसंगती मात्र उरली. या वर्णपटांवरून काढलेला आयनीभवनाचा वेग आंतरतारकीय विरळ मेघांत आढळणाऱ्या वेगाच्या एक दशांशाहूनही कमी आहे. विश्वकिरण सर्वत्र सारखे पसरलेले नसतील किंवा याहूनही कमी ऊर्जेचे कण मोजणीतून सुटत असतील. व्हॉयेजर-२ या यानाने ५ नोव्हेंबर २०१८ रोजी तीच सीमा ओलांडली. व्हॉयेजर-१ वरील विश्वकिरणमापक विजेची बचत करण्यासाठी २५ फेब्रुवारी २०२५ रोजी बंद करण्यात आला.