तुंडूपासून नागरिकत्वापर्यंत

तुंडू हा तमिळ शब्द. अर्थ साधा, तुकडा. सिलोनच्या चहामळ्यांत मात्र या तुकड्यावर माणसाचा धनी बदलत असे. मजुरास एका मळ्यांतून दुसऱ्या मळ्यांत जावयाचें असेल तर पहिल्या मळेवाल्याची चिठ्ठी लागे. तींत त्याच्या नांवावर किती कर्ज आहे तें नोंदलेलें असे, आणि जो नवा मळेवाला तेवढी रक्कम मोजील त्याच्याकडे तो मजूर बायकामुलांसह रवाना होई. १९२१ सालीं कायद्यानें तुंडू बंद झाला. तथापि या लोकांवरील कागदाचें राज्य त्यानंतरही संपलें नाहीं. आणि त्यांच्या कामगार-संघाचा इतिहास आम्हांस वाचावासा वाटतो तो याच दृष्टीनें.

परदेशीं गेलेले हिंदी मजूर म्हटले कीं आपणांस गोखल्यांनीं १९१२ सालीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत मांडलेला गिरमिटबंदीचा ठराव आठवतो. सिलोनची गोष्ट थोडी निराळी होती. तेथें गिरमिट नव्हतें, कंगाणी होता. कंगाणी म्हणजे देखरेख करणारा. तो त्रिचनापल्ली, सेलम, मदुरा अशा जिल्ह्यांतून आपल्याच गांवचीं, नात्यागोत्याचीं माणसें उचल देऊन आणी, त्यांची हजेरी घेई आणि त्यांच्या कर्जाचा हिशेबही तोच ठेवी. मुंबईच्या गिरणींतील जॉबराविषयीं ज्यांनीं वाचलें आहे त्यांस हा गृहस्थ ओळखीचा वाटेल. परंतु गिरणीचा भोंगा झाला कीं परळचा रस्ता कामगाराचा असे. आणि संप लांबला तर कोंकणांतील घर होतेंच. मळ्यावर राहण्याची खोली मालकाची, पाऊलवाट मालकाची, औषधोपचार मालकाचा. बाहेरचा मनुष्य आंत शिरला तर तो अतिक्रमणाचा गुन्हा. सभा भरवावयाची तर कोठें, हाच येथें कामगार-संघापुढील पहिला प्रश्न होता.

१८६९ पासून कॉफीवर रोग पडला, तेव्हां मळेवाले चहाकडे वळले. कॉफीचें काम हंगामी. चहाचा पाला बारमास खुडावा लागतो. त्यामुळें मजूर सहकुटुंब तेथेंच राहूं लागले. मळेवाल्यांचा संघ मात्र १८५४ पासूनच होता. मजुरांचा पहिला उल्लेखनीय संघ निघावयास १९३१ साल उजाडलें!

तो काढला नटेश अय्यर यांनीं. हे तंजावरकडचे पत्रकार. प्रथम कोलंबोच्या कामगारांचे पुढारी गुणसिंह यांच्याबरोबर त्यांनीं काम केलें. पुढें सिंहली आणि हिंदी कामगार असा भेद वाढला व दोघांचें फाटलें. मळ्यांतील स्थिति पाहण्यासाठीं अय्यर कापडविक्याच्या वेषांत आंत शिरले असें सांगतात. त्यांच्या पत्नी मीनाक्षी अम्माळ मजुरांचीं गाऱ्हाणीं गाण्यांत गुंफून सभांतून गात. ज्यांस अक्षर येत नव्हतें त्यांस हें गाणें समजत होतें. अशा चळवळींच्या इतिहासांत पत्रकांची नोंद राहते आणि गाणारी बाई सुटून जाते, म्हणून आम्हीं हा उल्लेख मुद्दाम केला. १९२७ च्या कायद्यान्वयें १९२९ सालीं किमान मजुरी ठरली होती : उंच डोंगरी मळ्यांवर पुरुषास दिवसाला ५४ सेंट, बाईस ४३, मुलास ३२. मंदीच्या काळांत, १९३२ सालीं, तीही खालीं आली. आणि अय्यरांचा संघ फार काळ जोरांत चालला नाहीं.

१९३९ सालीं सिलोन सरकारनें आपल्या नोकरींतील हिंदी रोजंदारी कामगार कमी करण्यास आरंभ केला. जवाहरलाल नेहरू जुलैमध्यें कोलंबोस गेले. सरकारचें मन वळविण्यांत त्यांस यश आलें नाहीं. पण तेथील विखुरलेले हिंदी लोक एकत्र येऊन सिलोन इंडियन काँग्रेस स्थापन झाली, आणि दुसऱ्याच वर्षीं तिचा मळे-कामगारांचा संघ निघाला. त्या वर्षाच्या आरंभींच, जानेवारी १९४० मध्यें, समसमाज पक्षाच्या पुढाकारानें चाललेल्या मूलोया मळ्यावरील संपांत पोलिसांची गोळी लागून गोविंदन नांवाचा मजूर ठार झाला. मळ्यामागून मळे उठले. मालकांस संघाचें अस्तित्व मान्य करणें भाग पडलें.

१९४७ च्या निवडणुकींत सिलोन इंडियन काँग्रेसचे ७ उमेदवार निवडून आले. मळ्यांतील मतांनीं इतरत्र डाव्या पक्षांसही हात दिला. हें कोलंबोच्या सत्ताधाऱ्यांच्या ध्यानांत आलें नसतें तरच नवल! १९४८ चा नागरिकत्वाचा कायदा झाला. जन्म येथला असून भागेना, बापाचा किंवा आजापणजाचा जन्मही येथला असल्याचें दाखवावें लागे. १९४९ सालीं दुसरा कायदा निघाला; त्यानें विवाहितांस ७ व अविवाहितांस १० वर्षांच्या अखंड वास्तव्याची अट घालून अर्जाची वाट ठेवली. तुंडूच्या जागीं आतां अर्ज आला. वास्तव्याचा पुरावा हवा तर तो मळ्याच्या हजेरीपटांत, म्हणजे मालकाच्या कपाटांत! त्याच वर्षीं मतदानाचा कायदा बदलला आणि मळे-कामगार मतदार-यादींतून गेले.

येथें संघाच्या पुढाऱ्यांची मोठी चूक झाली असें आम्हांस वाटतें. कायदा अन्यायाचा म्हणून त्यांनीं अर्जांवर बहिष्कार सांगितला, आणि दोन वर्षांची मुदत सरत आल्यावर, १९५१ सालीं, अर्ज करा म्हणून सांगितलें. बाणेदारपणाची किंमत पुढाऱ्यांनीं दिली नाहीं. सुमारें ८,२५,००० माणसांकरितां अर्ज झाले. १९६४ पर्यंत नागरिकत्व मिळालें तें सुमारें १,३४,००० जणांस.

मत नाहीं, देश नाहीं. उरली ती संघाची वर्गणी. १९५० सालीं संस्थेनें सिलोन वर्कर्स काँग्रेस असें नांव घेतलें. पुढाऱ्यांत अझीझ आणि तोंडमान ही जोडी होती. १९५६ सालीं तीही फुटली व अझीझांनीं वेगळा संघ काढला. तोंडमानांचें घराणें पाहण्यासारखें आहे. वडील मजूर म्हणून आले, कंगाणी झाले आणि अखेर वेव्हेन्डन मळ्याचे मालक बनले. कंगाण्याचा मुलगा, स्वतः मळ्याचा धनी, कामगारांचा पुढारी! टीकाकारांनीं यावर पुष्कळ लिहिलें आहे. पण ज्याला मळ्यावरून हाकलून देतां येत नव्हतें, असाच मनुष्य त्या काळीं तेथें टिकूं शकला, हेंही विसरतां येत नाहीं.

३० ऑक्टोबर १९६४ रोजीं शास्त्री आणि सिरिमाव्हो बंदरनायके यांनीं ९,७५,००० माणसांची वांटणी केली : ५,२५,००० हिंदुस्थानास, ३,००,००० सिलोनास, राहिलेले मागाहून पाहूं. ज्यांची वांटणी झाली त्यांच्या संघास कोणीं विचारलें नाहीं. पुढें मळे सरकारी झाले. १९७७ च्या मे महिन्यांत नुवर-एलिया जिल्ह्यांतील ७,००० एकर मळ्यांची जमीन वाटून देण्याविरुद्ध कामगार उठले, तेव्हां डेव्हन मळ्यावर शिवनु लक्ष्मणन हा तरुण गोळीला बळी पडला. जमीनवाटप थांबलें. त्याच वर्षीं तोंडमान निवडून आले व पुढें मंत्री झाले. सरकारांत बसूनही त्यांच्या संघानें १९८४ सालीं संप केला. बाईची मजुरी पुरुषाइतकी झाली ती तेव्हां. १९२९ चे ते ११ सेंट भरून निघावयास पंचावन्न वर्षें लागलीं.

१९८६ च्या जानेवारींत कामगारांनीं सकाळचें काम बंद ठेवून प्रार्थना सुरू केली. मागणी नागरिकत्वाची होती. १९८८ च्या कायद्यानें बऱ्याच जणांचा प्रश्न सुटला. तोंडमान १९९९ सालीं वारले, तेही ३० ऑक्टोबरलाच. संघाचें नेतृत्व त्यांच्या नातवाच्या हातीं गेलें. राहिलेल्यांसाठीं २००३ सालीं पुन्हां कायदा करावा लागला. त्याखालीं अर्ज करणाऱ्यांत असे वृद्ध होते कीं ज्यांच्या नांवावर, जन्मापासून त्या दिवसापर्यंत, कोणत्याच देशाचा कागद नव्हता.